अपुरी राहिलेली उलटतपासणी

मंदाबाय गेल्याची बातमी मला भर न्यायालयात कळली, आणि ती कळली प्रतिपक्षाच्या वकिलांच्या खणखणीत आवाजात. त्या सकाळी तिची उलटतपासणी पुढे चालू व्हायची होती. मी नेहमीप्रमाणे वेळेआधी मागच्या बाकावर जाऊन बसलो होतो, फाइल मांडीवर, डोळे दाराकडे, आणि मनातल्या मनात तिच्यावर चिडत होतो. पेडण्याहून येणारी बस चुकली असेल, तर आदल्या दिवशी आमच्याकडे मुक्कामाला यायला काय झाले होते, हे तिला कोणत्या शब्दांत सुनवायचे तेही मी ठरवून ठेवले होते. एवढ्यात आमचे वकील बाहेरून आत आले, पुढे गेले आणि न्यायाधीशांशी खालच्या आवाजात काही बोलले. वयोमानाने माझे कान आता पूर्वीसारखी साथ देत नाहीत. ती उशिरा पोचणार एवढेच ते कळवत असावेत असे मला वाटले. मग प्रतिपक्षाचे वकील उठले. साक्षीदार आज सकाळी मयत झाल्याचे ऐकून आपल्याला अतीव दुःख होत आहे, असे ते म्हणाले, आणि मध्ये श्वासही न घेता पुढे म्हणाले, की सदर साक्षीदाराची उलटतपासणी अपूर्ण राहिली आहे याची नोंद व्हावी. दुःख आणि नोंद, एकाच वाक्यात… माझी सारी नोकरी न्यायालयाच्या कचेरीत गेली; 'मयत' हा शब्द मी स्वतःच्या हाताने असंख्य वेळा लिहिला असेल. त्या दिवशी तो शब्द मला पहिल्यांदा ऐकू आला.

डॉ. मंदाकिनी पेडणेकर, आम्हां सर्वांची मंदाबाय, महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाली होती. घर पेडण्याला, आजोळ नार्व्याला. स्वयंपाकघरात चहाचे आधण ठेवता ठेवता ती खाली बसली ती उठली नाही, असे तिच्या भावाने दुपारी आम्हांला सांगितले. अंगावर न्यायालयात नेसायची साडी होती. तिला जाऊन आता काही आठवडे झाले, आणि या पुरवणीच्या संपादकांनी तिच्याविषयी लिहायला सांगितले तेव्हा मी एक अट घातली. ज्या गावासाठी ती लढली त्या गावाचे नाव मी लिहिणार नाही, आणि ज्यांच्याविरुद्ध लढली त्यांचेही नाही. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. शिरगावच्या पलीकडे, खनिजाच्या ट्रकांच्या लाल धुळीत वाढलेले एक गाव, एवढे वाचकांना पुरे. आमच्या वकिलांनी हा लेख छापण्यापूर्वी वाचला आहे आणि त्यातली काही वाक्ये खोडली आहेत. ती वाक्ये चांगली होती.

मंदाबायची आणि माझी ओळख भांडणातून झाली. आमच्या गावामागे जांभ्या दगडाचा एक विस्तीर्ण सडा, म्हणजे उघडे पठार, आहे, आणि त्याच्या पायथ्याशी बारमाही झर. झरीचे पाणी दगडी तळीत पडते, तळीतून पाटाने पोफळी-नारळांच्या कुळागरांत जाते. गावाचे पिणे, शिंपणे आणि देवाची पूजा त्या एका पाण्यावर चालते. एका खाण कंपनीने खनिजासाठी हा सडा कापायचा घाट घातला तेव्हा मी वृत्तपत्राला एक खरमरीत पत्र लिहिले. सडा ही निसर्गाची अमोल देणगी आहे, तेथे वाघापासून खवले मांजरापर्यंत सर्व प्राण्यांचा वावर आहे, वगैरे. पत्र छापून आले आणि त्याच आठवड्यात एक सडपातळ, पिकल्या केसांची बाई खांद्याला कापडी पिशवी लावून माझ्या व्हरांड्यात येऊन उभी राहिली. पत्राचे कात्रण तिच्या हातात होते. मला वाटले, अभिनंदनासाठी आली असेल. पाणी पिऊन झाल्यावर तिने कात्रणावर बोट ठेवले.

"भाई, हो वाघ कोणी पळयलो?"

मी म्हणालो, गावात पूर्वापार बोलले जाते.

"ऐकीव पुरावा तुमच्या कोर्टात चलता?"

मला राग आला, आणि राग आला की मी उभा राहतो, तसा उभा राहिलो. गावाच्या बाजूने लिहिणाऱ्यावरच ही बाई शंका घेते म्हणजे ही कंपनीची माणूस, असे मी तिला तोंडावर सांगितले. ती हसली नाही, रागावलीही नाही. पत्रातला वाघ उद्या खोटा ठरला तर त्याच्या मागोमाग सड्यावरचे खरे बेडूकसुद्धा खोटे ठरतील, एवढे म्हणून तिने सडा कुठून चढायचा ते विचारले. मी तिला वाट दाखवायला गेलो, भांडायचे शिल्लक होते म्हणून. वर पोचेपर्यंत माझा दम गेला होता आणि भांडण करायला फक्त तिलाच आवाज उरला होता.

त्यानंतर दर शनिवारी ती येऊ लागली. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, पुढे मिळेल त्या वाहनाने. पिशवीत भिंग, बारीक जाळीचे फडके, पांढरी थाळी, आणि बसस्थानकावरून घेतलेले गरम उंडे, म्हणजे आमच्याकडचे गोल कडक पाव. कंपनीने जो अहवाल तयार करून घेतला होता, त्यात सडा ओसाड, खडकाळ आणि जैवदृष्ट्या नगण्य ठरवला होता. त्या अहवालाची माणसे ऐन उन्हाळ्यात येऊन गेली होती. माणूस झोपलेला असताना त्याला पाहावे आणि हा मुका आहे असा दाखला द्यावा, तसला हा प्रकार, असे मी पत्रात लिहिले होते. तेवढे एक वाक्य मंदाबायने मान्य केले. मात्र, आपण फक्त पावसाळ्यातच सडा पाहिला तर आपण तेच करू, असे तिने लगेच जोडले. श्रावणात सड्यावर तेरड्याचा गालिचा पसरतो, दगडाच्या वाटीएवढ्या डबक्यांत बेडकांची पिले वळवळतात, किडे खाणाऱ्या इवल्या वनस्पती दवासारख्या चमकतात. हे सगळे तिने टिपले. आणि वैशाखात तापलेल्या दगडावर जिथे काहीच नव्हते, तिथे काहीच नाही असेही टिपले. मला हे दुसरे टिपणे मुळीच पटत नसे. आपल्याच हाताने प्रतिपक्षाला काठी कशाला द्यायची, हा माझा प्रश्न होता. तो आजही आहे.

सड्याचे आणि झरीचे नाते तिला एका शनिवारी सापडले. झरीच्या तोंडाला तिने फडके बांधले होते, पाण्याबरोबर काय काय येते ते पाहायला. सदानंद, म्हणजे आमच्या देवस्थान समितीचा अध्यक्ष सदू, तिथे पाय पाण्यात सोडून बसला होता. कुळागर सांभाळणारा, साठी उलटलेला, तोंडाचा फटकळ माणूस. फडके उलटून थाळीत धुतले तेव्हा त्यात तांदळाच्या कणीएवढे दोन-चार पांढुरके जीव हलू लागले. सदूने वाकून पाहिले आणि भाताची शिते कोणी सांडली म्हणून विचारले. कळशीत असले किडे आले की आमच्या घरच्या बायका ते निवडून फेकतात, हेही त्याने सांगितले. मंदाबायने भिंग लावून एकेक जीव निरखला. मग तिने भिंग माझ्या हातात दिले. झिंग्याच्या जातीचा तो जीव होता. पाय होते, मिशा होत्या, आणि डोळ्यांच्या जागी काही नव्हते. अंधारात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला डोळे लागत नाहीत, ती म्हणाली. हे उजेडातले रहिवासी नव्हेत. पाण्याच्या ओढीने चुकून बाहेर आलेले आहेत. याचा अर्थ सड्याच्या पोटात कपारींची, पोकळ्यांची पाण्याने भरलेली एक वस्ती आहे, आणि झर हे तिचे दार. सडा वरून कापला तर ही वस्ती कोरडी पडेल आणि त्याबरोबर झरही.

मी म्हणालो, झाले, हे सिद्ध झाले, उद्याच प्रतिज्ञापत्र करू. ती म्हणाली, सिद्ध झाले नाही, असे दिसते आहे. या दोन वाक्यांमध्ये किती शनिवार बसतात ते मला पुढे कळले.

गावाने अखेर दावा दाखल केला तो झरीच्या पाण्यावरच्या वहिवाटीच्या हक्कासाठी, आणि मंदाबाय आमची मुख्य साक्षीदार झाली. इथे मला कायद्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण निसर्गप्रेमी मंडळी ती विसरतात. न्यायालयाला प्रेम दाखल करून घेता येत नाही. डोंगर आमची आई आहे, असे पन्नास लोकांनी शपथेवर सांगितले तरी समोरचा वकील विचारणार, मग डोंगर कापल्याने झर आटेल हे तुम्ही कशावरून म्हणता? त्या प्रश्नाला उत्तर देणारी आमच्याकडे एकच व्यक्ती होती, आणि ती एक व्यक्ती कोणत्याही वाक्याच्या शेवटी 'नक्की' हा शब्द लावायला तयार नव्हती.

त्यातच प्रतिपक्षाने तिच्या निरीक्षणांची आणि पद्धतीची मागणी केली. आमचे वकील हरकत घेणार होते. ती हरकत टिकली असती असे माझे आजही मत आहे. मंदाबायने हरकतीची वाट न पाहता सगळे देऊन टाकले. फडके कसले, जाळी किती बारीक, कोठे बांधायचे, किती वेळ ठेवायचे, काय मोजायचे, सारे एकेक पायरी करून छापलेले, वाटेल त्याने वाचून करावे असे. मी तिला रीतसर पत्र पाठवले. त्यात, शत्रूला किल्ल्याचा नकाशा देणाऱ्यास इतिहास काय म्हणतो, असाही एक परिच्छेद होता. पत्राला उत्तर आले नाही. शनिवारी ती आली, उंडे माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, "भाई, लपयलें जाल्यार तें म्हजें उरतलें. दिलें जाल्यार तें खरें काय खोटें, तें तरी कळटलें."

मी तिला सांगितले की न्यायालय हे खरेखोटे तपासायची जागा आहे हा तिचा भ्रम आहे, ती सिद्ध करायची जागा आहे. ती म्हणाली, उंडे निवतात.

मग आली स्थळपाहणी. झर आणि सडा प्रत्यक्ष पाहण्यासाठी न्यायालयाने एका वकिलांची आयुक्त म्हणून नेमणूक केली होती, आणि त्यांच्यासमोर, दोन्ही पक्षांच्या उपस्थितीत, मंदाबायने नमुना घेऊन दाखवायचा होता. शिरगावची जत्रा आटोपून आमचा भाग नुकता निवांत झाला होता. मी सकाळी आयुक्तांना घेऊन तळीवर पोचलो आणि कसलासा उग्र वास माझ्या नाकाला झोंबला. तळी लखलखत होती. वर्षानुवर्षांचे शेवाळ गेले होते, चिऱ्यांना चुना मारला होता, पायऱ्यांवर रांगोळी होती, आंब्याच्या पानांचे तोरण होते. सदू इस्त्रीचा सदरा घालून हात जोडून उभा.

"साहेब येतलो म्हणान आमी सगळी तळी घासून काडली," तो अभिमानाने म्हणाला. "ब्लीचिंग पावडर घातली, चुनो मारलो. झरीच्या तोंडात हात पावता थंय मेरेन पावडर भरली. आता पळय, कशी दिसता ती."

आमच्या गावात पाहुणा येणार म्हटले की घर सारवतात, अंगण झाडतात, आणि पाहुणा न्यायालयाचा असेल तर तळी धुतात. यात कपट कोठे होते? पण मंदाबायच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. पावडर किती घातली, असे तिने हळू आवाजात विचारले. कमी पडायला नको म्हणून आख्खी पिशवी, असे सदूने सांगितले. मी तिला बाजूला घेतले आणि म्हणालो, तहकुबी माग, प्रकृतीचे कारण सांग, मी बोलतो आयुक्तांशी. प्रतिपक्षाचे वकील दोन पावलांवर उभे होते. त्यांना अजून काही कळले नव्हते, पण काहीतरी बिघडले आहे हे आमच्या चेहऱ्यांवरून त्यांनी ओळखले असावे, कारण त्यांनी फार अदबीने विचारले, मॅडम, नमुना घेणार ना?

"घेणार," ती म्हणाली.

फडके बांधले गेले. आम्ही सारे त्या चुन्याच्या झगमगाटात डोळे बारीक करून उभे होतो. सदूला आता समजू लागले होते. तो कोणाकडेच पाहत नव्हता. फडके सोडले, थाळीत धुतले, मंदाबायने भिंग लावून थाळी सगळीकडून पाहिली, मग पुन्हा एकदा पाहिली. काही नव्हते.

"शून्य लिहा, साहेब," ती आयुक्तांना म्हणाली. "आणि पावडरीचा वास येतो आहे, तेही लिहा."

प्रतिपक्षाचे वकील गाडीत बसताना फोनवर हसत होते. मी त्या संध्याकाळी तीन पत्रे लिहिली आणि तिन्ही फाडली, कारण कोणाला पाठवायची ते कळेना. सदू घरी जाऊन आडवा पडला होता; जेवत नाही म्हणून त्याच्या बायकोने मंदाबायलाच बोलावून नेले. भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला, "मीच मारलीं गो तीं." मंदाबाय त्याच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसली. पावडर झरीच्या तोंडाशी होती, ती म्हणाली, तोंडाशी जी होती ती मेली. आतली आहेत की नाहीत हे आजवर कोणालाच ठाऊक नव्हते, तिलाही नाही. कंपनीचे म्हणणे होते की हे जीव तळीतच पैदा होतात, सड्याशी त्यांचा संबंध नाही. आता तळी मेली होती. यापुढे एकही जीव फडक्यावर आला तर तो येणार कोठून? सदूने कूस बदलली. तिने त्याला सांगितले की आता तळीला कोणी हात लावायचा नाही, झाडू नाही, चुना नाही, आणि दर शनिवारी फडके बांधताना त्याने हजर राहायचे. आणि प्रतिपक्षालाही तिने कळवले की तुमचा माणूस पाठवा, त्याच्या डोळ्यांसमोर फडके बांधू. त्यांनी एक कारकून पाठवला. तो आंब्याखाली खुर्ची टाकून बसे आणि शेवटी सही करी.

ते शनिवार मी विसरणार नाही. फडके, थाळी, भिंग, शून्य, सही. पुन्हा आठवडा. गावात कुजबुज सुरू झाली. ही बाई आपल्याच विरुद्ध कागद वाढवते आहे, असे लोक मला येऊन सांगू लागले, आणि मी तिचा बचाव करता करता त्यांच्याशी मनातून सहमत होत होतो. थांबव, एवढे पुरे झाले, असे मी तिला एकदा म्हणालो. शून्य आले म्हणून थांबलो तर ते कायमचे शून्य होईल, ती म्हणाली. पाऊस सुरू झाला, सड्याने पाणी पिऊन घेतले, झरीचा आवाज बदलला. आणि एका शनिवारी थाळीच्या कडेला एक पांढुरकी कणी हलली. एकच. सदूने पाहिली, टोपी काढली आणि देवळाच्या दिशेने हात जोडायला निघाला.

"देवाक मागीर," मंदाबाय त्याला म्हणाली. "पयली सही."

त्यानंतरच्या शनिवारी आणखी आली. आमच्या गावाने अडाणीपणाने केलेल्या चुकीचाच तिने प्रयोग करून दाखवला होता. तळीत काही शिल्लक नसताना जे आले ते डोंगरातूनच आले, आणि याला साक्षीदार प्रतिपक्षाचाच माणूस. यावर तिची उलटतपासणी सुरू झाली. पहिला दिवस संपूर्ण तिने उभ्याने काढला. बसायला सांगितले तरी बसली नाही. वकिलांनी विचारले, सडा कापला तर झर आटेलच असे तुम्ही खात्रीने सांगू शकता का? मी मागच्या बाकाची कड घट्ट धरून बसलो होतो. हो म्हण, एवढे एक अक्षर… ती म्हणाली, नाही. सड्याच्या पोटातले पाणी आणि झर यांचा संबंध आहे असे माझी निरीक्षणे दाखवतात. किती कापल्यावर किती आटेल हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि कापून झाल्यावर तपासायला काही उरणार नाही. वकिलांनी फक्त 'नाही' तेवढे पुन्हा मोठ्याने वाचून दाखवले. वेळ संपली, पुढची तारीख पडली. पायऱ्या उतरताना मी तिच्याशी बोललो नाही. पेडण्याची बस येईपर्यंत ती माझ्या शेजारी उभी होती आणि आम्ही दोघे रस्त्याच्या दोन दिशांना पाहत होतो. बसमध्ये चढताना ती म्हणाली, "फुडल्या तारखेक आनीक विचारतले. बरें आसा." पुढची तारीख म्हणजे लेखाच्या सुरुवातीला सांगितलेली सकाळ.

तिच्या तेराव्याच्या आतच प्रतिपक्षाचा अर्ज आला. उलटतपासणी अपुरी राहिलेल्या साक्षीदाराची साक्ष पुराव्यातून वगळण्यात यावी. ती हयात नाही, तिला प्रश्न विचारता येत नाहीत, तेव्हा तिची निरीक्षणे म्हणजे केवळ कागद. अर्ज कायद्याला धरून होता, हेच माझ्या रागाचे मूळ. पावसातून, उन्हातून, बस बदलत बदलत या बाईने जे उभे केले ते तिच्या हृदयाबरोबर बंद पडावे, अशी ती प्रार्थना होती. मी पणजीला जाऊन जाणकारांना भेटलो, जुने निवाडे काढले, आमच्या वकिलांना रोज एक टिपण दिले. त्यांनी फोन उचलणे कमी केले. न्यायालयाने त्या अर्जाचा निर्णय अंतिम युक्तिवादापर्यंत राखून ठेवला आहे. त्यावर मी भाष्य करणार नाही.

मात्र प्रतिपक्षाचा आणखी एक अर्ज मंदाबाय असतानाच मंजूर झाला होता: त्यांच्या स्वतःच्या तज्ज्ञाने झरीचा नमुना घ्यावा. तो दिवस गेल्या आठवड्यात आला. तज्ज्ञ म्हणजे नागपूरकडचा एक तरुण संशोधक, चष्मा, पाठीवर पिशवी. मी त्याला नमस्कारही केला नाही. त्याने मात्र आल्याबरोबर तळीचे शेवाळ पाहिले, यंदा कोणी धुतली नाही ना, असे विचारले, आणि पिशवीतून एक कागद काढून चिऱ्यावर दगडाखाली ठेवला. कागद मी लांबूनच ओळखला. मंदाबायने देऊन टाकलेली ती पद्धत. तो एकेक ओळ मोठ्याने वाचत होता आणि तसतसे करत होता. सदू त्याच्या डोक्याशी उभा.

"फडकें घट बांद रे बाबा," सदू म्हणाला, "मागीर आमची चूक म्हणशी."

"घट्टच बांधलंय काका. तुम्ही ओढून बघा."

सदूने खरोखरच ओढून पाहिले. मग वाट पाहणे. प्रतिपक्षाचे वकील फोन हातात घेऊन येरझाऱ्या घालत होते. मी पायरीवर बसलो होतो. उलटतपासणीच्या दिवशी निदान ती उभी होती. आज तिच्या बाजूने उभे राहायला चिऱ्यावरचा तो एक कागद होता, आणि तो वाचणारा माणूस दुसऱ्यांनी पैसे देऊन आणलेला. वेळ झाली. त्याने फडके सोडले, थाळीत धुतले, भिंग लावले. वकील जवळ आले. किडेबिडे असतील पाण्यातले, ते म्हणाले.

"नाही सर," तो म्हणाला. "डोळे नाहीत."

त्याने मोजले, लिहिले, आकड्याखाली रेघ ओढली आणि सही केली. वकिलांनी, अहवाल देण्यापूर्वी एकदा कार्यालयात येऊन बोलून जा, असे सुचवले. लिहिलेले आहे सर, सगळ्यांसमोर, तो म्हणाला, आणि पुन्हा कागदाकडे वळला. शेवटची ओळ राहिली होती. तीही त्याने मोठ्याने वाचली: मोजणी झाल्यावर सर्व जीव झरीच्या तोंडाशीच परत सोडावेत, तळीत ओतू नयेत, आणि ते आत शिरेपर्यंत तेथेच थांबावे. मी इतक्या वेळा त्या कागदावरून भांडलो, पण शेवटच्या ओळीपर्यंत कधी पोचलो नव्हतो. ती काय करते ते मात्र मला ठाऊक होते. दर शनिवारी मोजणी संपली की ती त्या ओल्या दगडावर गुडघे टेकून बसे, आणि बस चुकेल म्हणून मी वरून ओरडत असे.

तो तरुण पॅन्टची पर्वा न करता त्याच दगडावर गुडघे टेकून बसला. थाळी त्याने दोन्ही हातांनी झरीच्या तोंडाशी धरली आणि अगदी हळू कलती केली. सदू मागे सरकला, त्याची सावली पाण्यावर पडू नये म्हणून. वकिलांनी घड्याळ पाहिले, गाडीच्या दिशेने दोन पावले टाकली आणि वळून म्हणाले, चला, झाले ना आता.

"थांबा सर," तो मान न उचलता म्हणाला. "एक राहिलंय अजून."

आम्ही सगळे थांबलो.